छावणीतला पट

दक्षिण इराकमधल्या नासिरिया शहराजवळ तल्लील नावाचा एक मोठा हवाई तळ आहे. २००३ नंतर अमेरिकी फौजेने तिथे मुक्काम ठोकला आणि आपल्या छावणीला ‘कॅम्प ॲडर’ असे नाव दिले. जूनमधले तिथले ऊन म्हणजे आपल्या चंद्रपूरकरांनीही हात जोडावेत असे. ९ जून २००७ रोजी भर दुपारी या छावणीतले काही सैनिक एका सभागृहात जमले आणि रात्रीपर्यंत तिथेच बसून राहिले. कवायत नव्हती, बैठक नव्हती, सिनेमाही नव्हता. कागद, पेन्सिली आणि नाना पैलूंचे फासे घेऊन ही मंडळी खेळायला जमली होती. मित्रराष्ट्रांचे सैनिक आणि छावणीत काम करणारे नागरी कर्मचारी, सगळ्यांना दार उघडे होते. खेळांची पुस्तके आणि बक्षिसे अमेरिकेतल्या प्रकाशकांनी फुकट पाठवली होती. आपल्याकडे साहित्याचे संमेलन भरते तसे हे खेळाचे संमेलन. नाव ‘झिगुरात कॉन’. ऐन युद्धक्षेत्रात भरलेले या प्रकारच्या खेळांचे हे पहिले संमेलन समजले जाते.

खेळ कोणता, ते आधी सांगायला हवे. युरोप-अमेरिकेत एक मोठा छंद आहे. शिशाचे, कथलाचे किंवा प्लास्टिकचे छोटे शिपाई आणायचे. अंगठ्याच्या एका पेराएवढी त्यांची उंची. ते बारीक कुंचल्याने रंगवायचे, टेबलावर डोंगर, नदी, तटबंदी मांडायची आणि मग फासे टाकून, नियमांच्या पुस्तकाप्रमाणे, लढाई खेळायची. याच छंदाच्या पोटातून पुढे एक कथेचा खेळ निघाला. त्यात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो. इराकच्या छावणीत खेळला गेला तो मुख्यतः हा दुसरा.

मराठी माणसाला यातले काहीच परके वाटू नये. दिवाळीत अंगणात दगडमातीचा किल्ला करणारे, त्यावर अळीव पेरणारे आणि बाजारातून मातीचे मावळे आणून बुरुजाबुरुजावर पहारे बसवणारे आपण लोक. लहानपणी शेजारच्या वाड्यातल्या किल्ल्याचे पायथ्याचे तळे माझ्याकडे असे. कारण आमच्या घरी एक फुटका आरसा होता. आमच्याकडे मोहरमला ताबूत बनतात, तेही दूरच्या मकबऱ्याचे जवळ आणलेले, खांद्यावर मावेल असे रूपच. तो मकबरा करबलाला आहे, आणि करबला इराकमध्ये.

मला कुतूहल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. ज्याच्या खांद्यावर खरी बंदूक आहे, ज्याने सकाळी खऱ्या रस्त्यावर खरी गस्त घातली आहे, तो संध्याकाळी खोट्या लढाईचा पट का मांडतो? त्याला लढाईचा कंटाळा यायला हवा. मग मी थोडे वाचत गेलो, आणि वाचता वाचता पुन्हा पुन्हा इराकमध्येच येऊन पोचलो.

खोर्साबाद हे उत्तर इराकमधले, मोसुलजवळचे ठिकाण. तिथे असीरियाचा राजा दुसरा सार्गोन याचा राजवाडा होता. त्याची कारकीर्द ख्रिस्तपूर्व ७२१ ते ७०५. राजवाड्याच्या दाराशी माणसाच्या तोंडाचे, पंख असलेले प्रचंड दगडी बैल उभे असत. त्यातली एक जोडी आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. बैल बघताना लोकांची नजर वर जाते, दाढीकडे आणि मुकुटाकडे. पण खाली चौथऱ्यावर, बैलाच्या पायांमध्ये, कुणीतरी टोकदार हत्याराने वीस घरांचा एक पट कोरून ठेवला आहे. रेघा वाकड्या आहेत. राजाच्या कारागिराचे ते काम खासच नव्हे. दाराशी तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या पहारेकऱ्यांचाच हा उद्योग असावा, असे अभ्यासक मानतात, आणि मलाही दुसरे कोणी सुचत नाही. जगजिंक्या राजाच्या दारात, त्याच्या रक्षक देवतेच्या पायाशी, दोन शिपाई उकिडवे बसून सोंगट्या हलवताहेत!

वीस घरांचा हा खेळ तेव्हाही जुनाच होता. लिओनार्ड वुली या इंग्रज उत्खननकाराला १९२० च्या दशकात ऊर शहरातल्या राजघराण्याच्या दफनभूमीत त्याचे शिंपल्याने आणि लाजवर्दाने मढवलेले पट सापडले. ते सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. त्याचे नियम आपल्याला कळले ते ख्रिस्तपूर्व १७७-१७६ मधल्या एका बाबिलोनी मातीच्या विटेवरून. ब्रिटिश म्युझियमचे आयर्विंग फिंकेल यांनी ती वाचली. आणि गंमत अशी, की वीस घरांच्याच एका खेळाचा धागा फिंकेल यांना आपल्या कोचीनच्या ज्यू कुटुंबांत, थेट विसाव्या शतकात, सापडला.

याच दफनभूमीत वुलींना आणखी एक वस्तू मिळाली. जेमतेम दीड फुटाची लाकडी पेटी. तिला ‘ऊरचे निशाण’ म्हणतात, जरी ती निशाण होती की आणखी काही, यावर अजून वाद आहे. तिच्या एका अंगावर शांतता आहे: मेजवानी, वाद्ये, शेळ्यामेंढ्या. दुसऱ्या अंगावर युद्ध. शिंपल्याचे तुकडे डांबरात बसवून केलेले बोटभर उंचीचे शिपाई एका रांगेत चालले आहेत. सगळ्यांचे शिरस्त्राण एकसारखे, सगळ्यांचे पाऊल एकाच वेळी उचललेले. खाली चारचाकी रथांच्या चाकांखाली शत्रूचे उघडे देह. वर राजा उभा आहे, इतरांपेक्षा उंच, इतका की त्याचे डोके चौकटीची किनार ओलांडून जाते. छोट्या शिपायांचा इतका जुना संच दुसरा मला ठाऊक नाही. त्यात एका राजाखेरीज कुणाला वेगळा चेहरा नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा.

हे ऊर कुठे आहे? बायबलच्या परंपरेत इब्राहिम पैगंबरांचे गाव मानले गेलेले ऊर, त्याचा तो चार हजार वर्षांपूर्वीचा पायऱ्यापायऱ्यांचा मनोरा, म्हणजे झिगुरात, तल्लीलच्या हवाई तळाच्या कुंपणातच आले होते. २००७ च्या त्या संमेलनाला नाव मिळाले ते त्या मनोऱ्यावरून. त्याच्या भिंतीवर १९९१ च्या युद्धातल्या गोळ्यांचे व्रण आहेत. त्याच्या सावलीत अमेरिकी पोरे फासे टाकत होती. आपण नकळत कोणत्या घराण्याचा खेळ चालवतो आहोत, हे त्यांच्यातल्या कितींना ठाऊक होते कोण जाणे.

आता थोडे बुद्धिबळ. कारण टेबलावर लष्कर मांडण्याची कल्पना जगाला दिली ती आपल्या चतुरंगाने. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे. इथून तो खेळ इराणात गेला, तिथून अरबांकडे, आणि अब्बासी खलिफांच्या बगदादमध्ये त्याचे शास्त्र झाले. दहाव्या शतकातला अस्‌-सूली हा त्या दरबारातला सर्वांत मोठा खेळाडू. बुद्धिबळावर त्याने ग्रंथ लिहिला, पण त्याची तेवढीच ओळख नाही. कवींच्या रचना गोळा करणारा, त्यांची चरित्रे लिहिणारा तो साहित्यिक होता. त्याने घालून ठेवलेले एक कोडे हजार वर्षे सुटत नव्हते. तो ९४६ च्या सुमारास बसऱ्यात वारला, राजधानीपासून दूर. आपण मराठीत रोज ‘शह देतो’ आणि ‘मात करतो’, तेव्हा त्याच वाटेने आलेले शब्द बोलत असतो. ‘प्यादे’ म्हणजे फारसीत नुसते पायी चालणारा. त्याला नाव नाही. आठ असतात, आठही सारखी.

युरोपात या पटाचे पुढे काय झाले ते भरभर सांगतो. प्रशियाच्या फॉन राइस्वित्झ नावाच्या एका सरदाराने १८१२ मध्ये राजाला एक नवा खेळ दाखवला. चौकोनी घरांऐवजी टेबलावर खराखुरा भूप्रदेश, आणि शिपायांच्या जागी छोटे ठोकळे. त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात लेफ्टनंट होता, १८२४ मध्ये तो खेळ सुधारून नकाशावर आणला. पंच नेमला आणि नशिबासाठी फासे ठेवले. सेनाधिकाऱ्यांनी तो पाहिला आणि प्रशियाच्या पलटणींत तो शिक्षणाचा भाग झाला. आजच्या साऱ्या युद्धखेळांचा उगम तिथे. त्या लेफ्टनंटचा शेवट मात्र दुःखाचा झाला. १८२७ मध्ये त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

१९१३ मध्ये एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले आणि हा खेळ घरातल्या जमिनीवर आला. पोकळ शिशाचे शिपाई, लाकडी काड्या उडवणारी खेळण्यातली तोफ, गालिच्यावर पालथे पडलेले प्रौढ गृहस्थ. खऱ्या युद्धापेक्षा हे किती बरे, असा त्या पुस्तकाचा सूर आहे. पुढच्याच वर्षी खरे युद्ध सुरू झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर ज्यांनी हा छंद पुन्हा उभा केला, त्यांच्यातले अनेक जण स्वतः लढून आलेले होते. डोनाल्ड फेदरस्टोन इटलीच्या मोहिमेत रणगाडा दलात होते. पुढे ते साउदॅम्प्टनला लोकांचे दुखरे गुडघे बरे करीत आणि संध्याकाळी नेपोलियनच्या लढाया मांडीत. १९६२ मधल्या त्यांच्या पुस्तकाने इंग्लंडात पिढीच्या पिढी या नादाला लावली. ब्रिगेडियर पीटर यंग कमांडो होते. दिएप, नॉर्मंडी, ब्रह्मदेश अशा ठिकाणी लढले, शौर्यपदके मिळवली, आणि निवृत्तीनंतर छोट्या शिपायांच्या खेळावर पुस्तक लिहिले. ज्यांनी युद्ध पाहिले नाही त्यांनाच युद्धाचा खेळ सुचतो, असे आपण म्हणतो. ही माणसे तसे म्हणू देत नाहीत.

तरीही १९६० पर्यंतचा हा सगळा खेळ मुख्यतः सेनापतीचा खेळ होता. एक ठोकळा म्हणजे एक पलटण. एक शिपाई म्हणजे वीस शिपाई, किंवा पन्नास. खेळाडू वरून बघतो. त्याचा हात ढगातून येतो, ठोकळा उचलतो, बाजूला ठेवतो. ऊरच्या पेटीवरचा तो उंच राजा आणि हा खेळाडू, दोघांची नजर एकच.

ही नजर बदलली अमेरिकेत, आणि ती बदलताना लष्करी सेवेचा एक धागा मध्ये आला आहे. १९६९ मध्ये मिनेसोटात डेव्हिड वेझली नावाच्या तरुणाने नेपोलियनच्या काळातली एक लढाई मांडली. पण खेळाडूंना पलटणी देण्याऐवजी त्याने प्रत्येकाला गावातला एकेक माणूस दिला. कुणी महापौर, कुणी विद्यार्थी, कुणी सावकार. घोटाळा झाला, गोंगाट झाला, आणि लोकांना वेड लागले. वेझली लष्कराच्या राखीव दलात होता. १९७० मध्ये त्याला सेवेवर जावे लागले. मागे राहिलेल्या मित्रांपैकी डेव्ह अर्नेसनने ती कल्पना पुढे नेली. विस्कॉन्सिनमधल्या गॅरी गायगॅक्सने १९७१ मध्ये मध्ययुगीन लढायांचे नियम छापले होते. त्यात मोठ्या लढाईसाठी एक बाहुली म्हणजे वीस माणसे असा हिशेब होता आणि जोडीला एकास एक लढण्याचेही नियम होते. दोघे एकत्र आले आणि १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. आता टेबलावरची एक बाहुली म्हणजे एक माणूस. त्याला नाव आहे, गाव आहे, उणिवा आहेत. तो मेला तर ‘एक ठोकळा कमी झाला’ असे कुणी म्हणत नाही. टेबलाभोवती सुतक पडते.

इराकच्या छावणीत पोरांनी खेळायला निवडला तो हा खेळ, हे मला फार सूचक वाटते. दिवसभर ज्याची ओळख गणवेश, क्रमांक आणि तुकडी एवढीच, ज्याला वरचा कुणीतरी नकाशावर सरकवतो, त्याला संध्याकाळी सेनापती व्हायचे नसते. त्याला एकच माणूस हवा असतो, ज्याचे पुढे काय करायचे ते तो स्वतः ठरवू शकेल. आणि त्याला नियम हवे असतात. पाळी येणार म्हणजे येणार. फासा सगळ्यांसमोर पडणार. रस्त्याच्या कडेला पुरलेला बाँब कुणाचीही पाळी बघत नाही.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त हवालदार आहेत. ईशान्येकडच्या एका चौकीत पावसाळाभर अडकले असताना त्यांनी धुण्याच्या साबणाच्या वडीतून बुद्धिबळाचा संच कोरला होता. पांढरा साबण एका बाजूला, पिवळा दुसऱ्या बाजूला. पावसाळा संपेपर्यंत सगळी प्यादी घामट हातांनी झिजून गोल झाली होती, असे ते सांगतात. चौकीवरच्या इतर गोष्टींबद्दल ते फारसे बोलत नाहीत. त्या प्याद्यांबद्दल मात्र तासभर बोलतात.

छावणीत हा छंद टिकवणे सोपे नाही, विशेषतः रंगवण्याचा. तैनातीवर जाणाऱ्याच्या सामानाचे वजन मोजलेले असते. शिशाची फौज बरोबर नेता येत नाही. चार-सहा प्लास्टिकच्या बाहुल्या, दोन कुंचले, पाच-सात बाटल्या एवढेच जमते. बाहुलीवर आधी अस्तराचा हात द्यावा लागतो. तो सहसा स्प्रेने देतात. पण दाबाखालचे असे डबे लष्करी टपालातून जात नाहीत, आणि पेट घेणारे रंग व तेलेही नाहीत. म्हणून पाण्यात मिसळणारा रंग, आणि अस्तरही कुंचल्यानेच. वाळवंटी उन्हाळ्यात तो रंग बाहुलीपर्यंत पोचण्याआधी कुंचल्याच्या टोकावरच सुकतो. त्यावर उपाय म्हणजे चपट्या डबीत ओला स्पंज, त्यावर पातळ कागद, आणि कागदावर रंग. खालून ओल मिळत राहते. धुळीचे वादळ आले की ओल्या रंगावर मैद्यासारखी धूळ बसते आणि आठवड्याचे काम वाया जाते. प्रकाश डोक्याला बांधलेल्या दिव्याचा. वेळ, गस्त आणि झोप यांच्यामध्ये सापडेल तेवढा.

आणि काम काय, तर एका पेराएवढ्या माणसाचे डोळे काढायचे. श्वास रोखल्याशिवाय ते जमत नाही. हात थरथरला तर जमत नाही. आदल्या रात्री तळावर रॉकेट पडले असेल तर हात थरथरतोच. मी गझल लिहितो. दोन ओळींच्या खोलीत अख्खे घर मांडायचे म्हणजे काय कसरत असते ते मला थोडे ठाऊक आहे. जागा जितकी लहान, तितके बाकीचे जग बाहेर राहते. या सैनिकांच्या बाबतीत मला वाटते, त्या अर्ध्या तासात त्यांच्यापुरते तरी जग बाहेर राहत असेल.

दूर असलेल्या मित्राबरोबरचा डाव टपालाने चालवण्याची रीतही जुनी. सरकारला तिचेही भय वाटते. दुसऱ्या महायुद्धात पत्रांतल्या बुद्धिबळाच्या चाली म्हणजे सांकेतिक संदेश असतील, या शंकेने अमेरिकी सेन्सॉरने परदेशांशी टपालाने चालणारे डावच बंद केले होते. घोडा कुठे गेला हे कळवायचीही चोरी!

हातांच्या या कामाची सर्वांत हलवून टाकणारी साक्ष मात्र इंग्लंडात आहे. तिथले सैनिक तैनातीवर नव्हते, कैदेत होते. पण घरापासून दूर, लष्कराच्या हुकमात, वर्षानुवर्षे, हे सारखेच. पीटरबरो शहराजवळ नॉर्मन क्रॉस येथे १७९७ मध्ये युद्धकैद्यांसाठी मुद्दाम बांधलेली छावणी सुरू झाली. फ्रान्सशी चाललेल्या युद्धातले हजारो खलाशी आणि शिपाई तिथे डांबलेले होते. जेवणात मांस मिळे, त्याची हाडे उरत. कैद्यांनी ती हाडे उकळून, घासून, कापून त्यांची जहाजे बनवली. शिडे, तोफांची दारे, डोलकाठ्या, सगळे हाडाचे. दोरखंड घोड्याच्या नाहीतर माणसाच्या केसांचे. अंथरुणातल्या गवताच्या काड्या चिरून, रंगवून, त्यांची नक्षी चढवलेल्या पेट्या केल्या. डोमिनोचे संच केले. आणि चिमुकली गिलोटिने केली, ज्यांचे पाते खरोखर खाली येते. फ्रेंच राज्यक्रांती त्यांनी अशी टेबलावर ठेवली होती. छावणीच्या दाराशी बाजार भरे आणि आसपासचे इंग्रज या वस्तू विकत घेत. टोप्यांसाठी गवताच्या वेण्या वळण्याचा उद्योगही कैद्यांनी सुरू केला होता. त्याने गावच्या गरिबांचा धंदा बसतो म्हणून सरकारने त्यावर बंदी घातली. म्हणजे कैद्यांशी स्पर्धा नको, इतके त्यांचे हात चालत होते.

१८१४ मध्ये छावणी बंद झाली तोवर सुमारे १,७७० माणसे तिथे मेली होती, त्यातली बहुतेक साथीच्या तापाने. आज तिथे शेते आहेत. पीटरबरोच्या संग्रहालयात त्या हाडांच्या वस्तू शेकड्यांनी आहेत, आणि करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांची नावे.

इथवर मी सैनिकांच्या बाजूने बोललो. आता माझ्या मनातली अढी सांगतो. ती लपवून हे भाषण पुरे करणे मला जमणार नाही.

त्याच २००७ सालची गोष्ट आहे. झिगुरात कॉनच्या तीन महिने आधी, ५ मार्चला, बगदादच्या अल्‌-मुतनब्बी रस्त्यावर बाँबने भरलेली मोटार उडवली गेली. मुतनब्बी हा दहाव्या शतकातला थोर अरबी कवी. त्याच्या नावाचा हा रस्ता म्हणजे जुन्या पुस्तकांचा बाजार. पंचवीसहून अधिक माणसे मेली. पुस्तकांची राख आकाशात उडत होती. रस्त्याच्या टोकाला शाबंदर नावाचा चहाचा कॅफे होता, कवी-लेखकांचा अड्डा. त्याच्या मालकाने १९६० च्या दशकात तिथले पत्ते आणि डोमिनो बंद केले होते. इथे फक्त बोलायचे आणि वाचायचे, असा दंडक. तो कॅफे कोसळला आणि मालकाची मुले व नातू त्यात गेले. त्या वर्षांत बगदादमध्ये संचारबंदी असे. रमजानच्या रात्री तिथे मुहैबिस नावाचा खेळ चालतो. एका मोहल्ल्याने मुठीत अंगठी लपवायची आणि दुसऱ्याने चेहरे वाचून ती शोधायची. शेकडो लोक रस्त्यावर बसतात. त्या रात्री रस्त्यावर बसायचे धाडस कुणी करायचे?

म्हणजे तळाच्या कुंपणाआत फासे पडत होते, तेव्हा कुंपणाबाहेरच्या लोकांचे खेळ बंद पडले होते. खेळणाऱ्या पोरांनी ते बंद पाडले असे मी म्हणत नाही. मुतनब्बी रस्त्यावरचा बाँब त्यांचा नव्हता. पण त्यांच्या सरकारने ज्या युद्धाला तोंड फोडले, त्यानेच ते दिवस आणले. ऊरचा तो मनोरा इराकी लोकांच्या पूर्वजांचा, आणि तो बघायला इराकी माणसाला परदेशी फौजेच्या फाटकातून जावे लागे. मे २००९ मध्ये तो इराकच्या पुरातत्त्व खात्याकडे परत आला. १८ डिसेंबर २०११ रोजी अमेरिकी फौजेचा शेवटचा ताफा याच कॅम्प ॲडरमधून निघून कुवेतच्या हद्दीत गेला. हाडांची जहाजे करणाऱ्या कैद्याबद्दल मला जितके निखळ प्रेम वाटते, तितके या छावणीतल्या खेळाडूंबद्दल वाटत नाही, हे खरे आहे. त्यांचा फासा मात्र मला हिरावून घ्यावासा वाटत नाही. दोन्ही एकाच मनात आहे.

आणि फौजेचे म्हणाल, तर या वाळूत आपलीही माणसे गेली आहेत. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पाठवलेल्या सैन्याचा कणा होता सहावी डिव्हिजन. तिचे नावच ‘पूना डिव्हिजन’. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये कुत या गावात तिला तुर्कांनी वेढले. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ ला, उपाशी फौजेने शस्त्रे खाली ठेवली आणि सुमारे तेरा हजार माणसे कैदेत गेली. लंडन आणि सिमल्यातल्या टेबलांवर ही डिव्हिजन म्हणजे एक ठोकळा होता, बगदादच्या दिशेने वाजवीपेक्षा जास्त पुढे सरकवलेला.

सातारा, रत्नागिरीकडे गावोगावी चावडीपाशी एक संगमरवरी पाटी दिसते: या गावातून महायुद्धाला इतकी माणसे गेली, त्यापैकी इतकी मेली. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावाने त्या युद्धात ४६ जवान गमावले. पाटीवर आकडा असतो, पण त्या आकड्यातला आपला आजोबा कोणता, ते गावाला ठाऊक असते.

बसऱ्याला इंग्रजांनी मोठे स्मारक उभारले. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांची कबर सापडत नाही अशा चाळीस हजारांहून अधिक माणसांचे. १९९७ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या हुकमाने ते बंदरावरून दगड दगड सुटा करून हलवले गेले आणि नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटरवर, ओसाड माळावर, पुन्हा उभे केले गेले. कॅम्प ॲडरही त्याच रस्त्याच्या पुढच्या टोकाला. त्याच्या भिंतींवर इंग्रज सैनिकांची नावे कोरली आहेत, हुद्द्याप्रमाणे आणि अक्षरानुक्रमे. हिंदी पलटणींच्या खाली अधिकाऱ्यांची नावे आहेत. त्यांच्याखाली, पलटणीपलटणीला, ‘आणि इतर हिंदी शिपाई’ अशी ओळ, आणि त्या ओळीत एक संख्या. नावे वेगळ्या पुस्तकांत लिहून ठेवली गेली. भिंतीवर ती आली नाहीत. २०२१ मध्ये स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने या भेदाबद्दल जाहीर माफी मागितली.